किती फुटांवरचं दाखवतं?

पहाटे ५.३०

मे महिन्यात माझा दिवस अंधारातच सुरू होतो, कारण एलबीएस मार्ग जागा व्हायच्या आत काम उरकावं लागतं. सात वाजले की बस, टेम्पो, रिक्षा यांची रांग लागते आणि धातू शोधायच्या मशीनला चारी बाजूंनी लोखंडच लोखंड दिसायला लागतं. त्यात पावसाआधी काँक्रीटचे रस्ते पुरे करायची कंत्राटदारांची धांदल. आज मंगतराम पेट्रोल पंपाच्या अलीकडच्या एका गल्लीत पाण्याच्या वॉल्व्हच्या चेंबरचं झाकण सापडत नाहीये. नकाशात ते रस्त्याच्या कडेपासून मोजून दाखवलंय. पण नकाशा काढला तेव्हाची कड आता उरलेली नाही. डांबराच्या थरावर थर चढत गेले आणि बिडाचं झाकण त्याखाली गडप झालं. आज हाती लागलं नाही तर त्यावर काँक्रीट पडणार, आणि पुढे कधी वॉल्व्ह बंद करायची वेळ आली की शोधाशोध आणि फोडाफोड.

टेम्पोत दोन मशीनं आहेत. एक नेहमीचं, अकरा इंची गोल कॉइलचं. दुसरं दोन डब्यांचं: साधारण मीटरभर लांब दांडा, मागच्या टोकाला लहरी सोडणारा डबा, पुढच्या टोकाला ऐकणारा, आणि दांडा कमरेच्या उंचीवर धरून चालायचं. नवख्याला वाटतं, खोल शोधायचंय ना, मग मोठं मशीन काढा. पण या गल्लीखालून पाण्याची जाडजूड लाइन जाते. भांडुप संकुलात मुंबईचं निम्म्याहून जास्त पाणी शुद्ध होतं, तेव्हा आमच्या भागात पाइपांना तोटा नाही. दोन डब्यांचं मशीन त्या पाइपावर गेलं की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं ओरडत राहतं आणि झाकणाचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून साधं मशीन घेतो, संवेदनशीलता निम्म्यावर आणतो आणि खडूने आडव्या रेघा मारत मारत सरकतो. सव्वासहाला एका रेघेवर आवाज गोल, भरीव आणि दोन्ही बाजूंनी सारखा येतो. मुकादम पहार मारतो. फूटभर डांबराखाली ठण्ण.

सकाळी ९.३०

गाळ्याचं शटर वर करतो न करतो तोच पहिला फोन. मराठवाड्यातून आहे, बोलण्यावरून कळतं.

"साहेब, तुमचं मशीन किती फुटांवरचं दाखवतं?"

"शोधायचंय काय?"

जरा वेळ शांतता. "जुनं काहीतरी."

"केवढं असेल?"

"हंडा म्हणतात."

"तांब्याचा की मातीचा?"

इथे बहुतेक जण गांगरतात. हंडा कशाचा आहे याचा विचार कुणी केलेला नसतो. सगळं लक्ष आतल्या मोहरांवर. पण मशीनच्या दृष्टीने पहिला प्रश्न हाच. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत वीज भोवरत फिरायला लागते, त्या भोवऱ्याचं स्वतःचं क्षेत्र वर येतं आणि मशीन ते ऐकतं. तांब्याचा किंवा पितळेचा हंडा म्हणजे त्या विजेला फिरायला अख्खं मोकळं रिंगण. मातीच्या मडक्यात सुटी नाणी असतील तर प्रत्येक नाण्यात वेगळा, चिमुकला भोवरा फिरतो. नाणी एकमेकांना नुसती टेकलेली असतात, त्यावर माती आणि गंज चढलेला असतो. त्यामुळे आकाराने तेवढंच मडकं, आत किलोभर चांदी, तरी आवाज मात्र रिकाम्या पितळी हंड्यापेक्षा बारीक. सोन्याच्या मोहरांचं मडकं हुकेल आणि शेजारची फुटकी घागर सापडेल, असं खुशाल होऊ शकतं.

दुसरी गोष्ट खोलीची. छोट्या वस्तूपर्यंत पोचताना क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होतं, परत येताना पुन्हा घनाने. म्हणजे खोली दुप्पट केली की हाती येणारा सिग्नल चौसष्टावा हिस्सा. दुप्पट पैसे मोजून दुप्पट खोलीचं मशीन मिळेल असं समजणाऱ्याला हा हिशेब ऐकवला की तो म्हणतो, "पण व्हिडिओत तर वीस फूट दाखवतात." दाखवतात ना. वीस फुटांवर गाडलेला ट्रक सापडतो. हंडा सापडत नाही.

आमच्या मुरमात मी सांगतो ते आकडे असे: सुटं नाणं अकरा इंची कॉइलने वीतभर, फार तर त्याच्या थोडं पुढे. पितळी हंडा त्याच कॉइलने तीनेक फूट. दोन डब्यांच्या मशीनने चार-पाच फूट. मीटरभर चौकोनी फ्रेमचं पल्स मशीन असेल आणि आजूबाजूला विजेच्या तारा नसतील तर आणखी थोडं. त्याच्या पुढचे आकडे सांगणारा माणूस विकायला बसलेला असतो. शोधायला कधी गेलेला नसतो.

मराठवाड्यातल्या गृहस्थांना मी जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे तेही विचारलं. फोन कट झाला.

सकाळी ११

पोट भरतं ते खोल शोधण्यावर नाही, उथळ शोधण्यावर. आज बेंचवर तीन कामं आहेत: मॉलमधली हातात धरायची डिटेक्टरं, लग्नाच्या हॉलमध्ये भाड्याने गेलेली दाराची चौकट, आणि फरसाण करणाऱ्या एका कारखान्याच्या पट्ट्यावरचं यंत्र. शेवटचं सगळ्यात नाजूक. त्याला पोत्यातून आलेला स्टीलचा बारीक कण सापडला पाहिजे. तपासणीसाठी तीन गोळ्या असतात, लोखंडाची, पितळेची आणि स्टेनलेस स्टीलची. लोखंड लगेच सापडतं, पितळही सापडतं. स्टेनलेस मात्र छळतं. ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि वीजही नीट वाहू देत नाही. माझ्या हाताखालच्या पोराला मी कॉइलची तार पुन्हा डाखायला लावतो. डाग थंड पडताना वायर हलली की जोड मेलाच, आणि बाहेरून तो निस्तेज, दाणेदार दिसतो.

खोल शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला हे काम पाहून गंमत वाटते. पण मशीन निवडायचं ते असंच: काय शोधायचंय आणि काय सापडू द्यायचं नाही, दोन्ही एकदमच ठरवायचं. दोन डब्यांच्या मशीनचा खरा गुण म्हणजे ते खिळे, झाकणं, नाणी, चॉकलेटच्या चांद्या यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मुठीएवढ्यापेक्षा लहान धातू त्याच्या लेखी नाहीच. मुंबईच्या उपनगरात, जिथे वीतभर जमिनीत चार खिळे निघतात, तिथे हा बहिरेपणा मोलाचा आहे.

दुपारी १

डबा. शेजारच्या गाळ्यातले लेथवाले काका मूळचे सावंतवाडीकडचे; जेवताना माझ्या धंद्याची खेचणं हा त्यांचा नेम. "तुझ्या मशीनपेक्षा आमच्या गावचा पायाळू बरा," ते म्हणतात. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. मी म्हणतो, दिसत असेल, पण त्याला बॅटरी लागत नाही आणि हमीही नसते.

गंमत इथेच संपते, कारण या समजुतीने माणसं मेलेली आहेत. परभणी जिल्ह्यात मानवतला १९७०च्या दशकात झालेल्या खुनांमागे गुप्तधनाची आशा होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेलं अघोरी कृत्य वेगळं नमूद केलेलं आहे. मांडूळ सापडलं की धन सापडतं म्हणून त्या गरीब, बिनविषारी सापाचे सौदे होतात, तो वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा.

काकांना मी दायमाबाद सांगतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली एका माणसाने झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू वर काढल्या: रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळं मिळून साठ किलोंच्या वर वजन. माझ्या दोन डब्यांच्या मशीनसाठी याच्याहून सोयीचं लक्ष्य नाही. घन धातू, मोठा आकार. पण ते मिळालं कुदळीला. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५च्या सुमारास पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती निघाली ती उत्खननात. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांच्या वर चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. त्या वेळी तर असं हातातलं मशीनच नव्हतं. महाराष्ट्राचे मोठे साठे शेतकरी, मजूर आणि पुरातत्त्ववाले यांच्या नावावर आहेत.

"मग तू कशाला?" काका.

"झाकणांसाठी."

दुपारी २.४५

एक जोडपं येतं. नवरा शाळामास्तर असावा, बाई गप्प. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढतात: पिस्तुलासारखी मूठ, वर घडी होणारी अँटेना, मुठीवर लाल दिवे आणि सोनं-चांदी-हिरा असं निवडायचं बटण. पाचशे मीटर लांबून सोनं दाखवतं म्हणून विकलेलं. किंमत त्यांनी हळूच सांगितली आणि मी पुन्हा विचारली नाही. "चालत नाही. दुरुस्त होईल का?"

त्यांच्यासमोरच स्क्रू काढतो. आत नऊ व्होल्टची बॅटरी, दिव्यांना गेलेल्या तारा आणि बटण. अँटेनाची तार कुठेच जोडलेली नाही. नुसती प्लास्टिकमध्ये खोचलेली. फिरते कशी मग? मूठ अर्ध्या अंशाने कलली तरी सैल अँटेना वळते, आणि हात आपल्याला हव्या त्या बाजूला नकळत कलतो.

मास्तरांचा चेहरा पडला तेव्हा मी त्यांना सांगितलं की यात फसलेले तुम्ही एकटे नाही. इराकमध्ये चौक्याचौक्यांवर बॉम्ब शोधायला एडीई ६५१ नावाची अशीच अँटेना हजारो डॉलरना विकली गेली. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून ती बनवली होती. ती विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे तर सरकार फसलं होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात उन्नावजवळ डौंडियाखेडाला एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोन्याचा बोलबाला झाला. भूवैज्ञानिकांच्या पाहणीत पाच ते वीस मीटरवर काहीतरी वेगळं असल्याची नोंद आली आणि पुरातत्त्व खात्याने खणलं. खापरं, चुली, बांगड्या मिळाल्या, सोनं नाही. उपकरण खरं असलं तरी ते एवढंच सांगतं की खाली वेगळं काहीतरी आहे. त्यातलं सोनं आपण मनाने भरतो. जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारचंही तेच. रंगीत पडद्यावर मडक्यासारखा आकार दिसला की गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं; बहुतेक वेळा तो काळ्या दगडाचा गोटा असतो.

मास्तरांकडून काही घेतलं नाही. वस्तू ठेवून जा म्हणालो, पोराला शिकवायला उपयोगी आहे. त्यांनी ती परत रुमालात गुंडाळली आणि घेऊन गेले.

संध्याकाळी ५

आज खोल शोधाचं एक खरं काम आहे, आणि ते रुळांच्या पलीकडे, भांडुप गावात. एका घराचा पुनर्विकास होतोय. बिल्डरची माणसं पुढच्या आठवड्यात पाडायला येणार. घरातल्या आजींचं म्हणणं असं की त्यांच्या सासूबाईंनी मागच्या पडवीत दागिन्यांची पितळी तपेली पुरली होती, आणि ती कुणी काढल्याचं त्यांना आठवत नाही.

रूळ ओलांडला की माझं मशीन बदलतं. पश्चिमेला डोंगराच्या कुशीत काळ्या दगडाचा मुरूम आहे, त्यात लोहचुंबकी कण. साधं मशीन तिथे जमिनीशी जुळवून घेतलं नाही तर कॉइल जरा वरखाली झाली तरी किंचाळतं. पूर्वेला मिठागरं आणि खाडी. ओल्या खारट मातीतून वीजच वाहते, त्यामुळे जास्त फ्रिक्वेन्सीच्या मशीनला अख्खी जमीनच धातू वाटायला लागते. दोन डब्यांचं माझं मशीन ८० किलोहर्ट्झच्या आसपास चालतं. खाडीकडच्या ओलीत त्याचा काटा शून्यावर बसवता बसवता घाम निघतो. तिथे रडारही फुकट, त्याच्या लहरी खाऱ्या चिखलात दोन हातांत विरतात. पल्स मशीन खाऱ्या मातीला बरंच सोसतं, पण त्याला लोखंड आणि पितळ यांतला फरक धड कळत नाही, आणि रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारांजवळ ते गाडी आली की थरथरतं. गाव थोडं उंचावर आहे, माती गोडी, म्हणून मी दोन डबे घेतले आणि सोबत पल्सची फ्रेमही.

सुरू करायच्या आधी कागद. घर ज्यांच्या नावावर आहे त्यांची लेखी परवानगी आणि माझं ठरलेलं भाडं, सापडो न सापडो. "मिळालं तर तुमचा चौथा हिस्सा," असं आजींचा नातू म्हणाला. ते मी कधीच घेत नाही. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला. मालक उभाच राहिला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, अशी वाटणी. पण शंभर वर्षांच्या आत आपल्याच माणसाने पुरलं हे सिद्ध करता आलं तर ते त्या घरचंच. आजींची गोष्ट त्यात बसते. नातवाला मी हे सगळं ऐकवलं. त्याला दहा रुपयांचाच आकडा लक्षात राहिला. "आज दहा रुपयांत वडापावसुद्धा येत नाही," तो म्हणाला.

पडवीवर पत्र्याचं छप्पर. पहिली अडचण तीच. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा अलेक्झांडर ग्राहम बेल आपलं यंत्र घेऊन गोळी शोधायला गेला होता. गादीखालच्या तारांच्या स्प्रिंगांनी त्याचा घोटाळा केला असं सांगतात. पत्रे काढायला लावले. लोखंडी खाट बाहेर, गॅसचं सिलिंडर बाहेर, आजींचा स्टीलचा डबासुद्धा बाहेर. मग चुन्याने हातभर अंतराच्या रेघा.

दोन डबे घेऊन उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. चुलीच्या कोपऱ्यात दोन्ही फेऱ्यांत आवाज. पल्सच्या फ्रेमनेही तिथेच. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या, एकदाही मधे बोलल्या नाहीत. नातवाने खणलं, वीतवीत माती घमेल्यात. अडीच फुटांवर पितळेचा काठ दिसला तेव्हा सगळ्यांनी एकदम आवाज केला. घागर निघाली, एका बाजूने चेपलेली, आत नुसती माती. आजींनी ती हातात घेतली, बुडाला अंगठा फिरवला. "ही आमची पाण्याची. ती नाही ही."

उरलेली पडवी पुन्हा घेतली, या वेळी संवेदनशीलता चढवून. आणखी दोन ठिकाणी बारीक कुजबुज. एक लोखंडी बिजागरी, दुसरं काहीच नाही, ओल्या मातीचा भास. तपेली तिथे नाही असं मी म्हणू शकत नाही; पाच फुटांच्या वर तिथे तपेलीएवढं पितळ नाही, एवढंच म्हणू शकतो. हे वाक्य मी आजींना दोनदा समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं. नातवाला नाही, तो पाडकामाच्या दिवशी जेसीबीवाल्याला सांगून तिथे आणखी खणणार आहे. खणू दे. कागदाची प्रत त्याला देऊन ठेवली.

रात्री ८.३०

बॅटऱ्या चार्जिंगला, कॉइल ओल्या फडक्याने पुसून. खाडीकडची नव्हे तरी पूर्वेची माती. खारटपणा प्लगमध्ये गेला की महिन्याभरात हिरवा गंज धरतो. आजींच्या घरचं बिल लिहिलं, मॉलची डिटेक्टरं गोणीत भरली, पोराला सोडलं.

मुकादमाचा फोन. उद्या सोनापूरच्या बाजूला.

"झाकण केवढं?"

"दोन फुटी, बिडाचं."

"वर काय आहे?"

"डांबर आणि रॅबिट. दीड फूट धरा."

"शेजारून मोठी लाइन जाते?"

"अठरा इंची, चारेक फुटांवर."

"मग साधंच आणतो. साडेपाचला या. आणि आजच्यासारखा ओला खडू आणू नका, रेघ उमटत नाही."